मामाची सावली आणि माझा मीटर

मामाचा फोटो स्टुडिओ तालुक्याच्या गावी होता. त्याने आयुष्यभर लाईट मीटर (उजेड मोजून कॅमेऱ्याचे आकडे सांगणारं यंत्र) वापरला नाही. बाहेर फोटो काढायचा असला की तो आभाळाकडे नाही, जमिनीकडे बघायचा. सावलीची कड सुरीसारखी धारदार असेल तर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक, सोळावर; आकडा मोठा तेवढं भोक लहान. कड जरा मऊ झाली की अकरा. सावली जेमतेम दिसत असेल तर आठ, आणि अजिबात नसेल तर फाईव्ह-सिक्स. शंभर आयएसओचा (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) रोल असला की शटर एकशेपंचवीसवर, म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. लग्नात तर तेवढाही विचार नसायचा, तिथे फ्लॅश: दहा फुटांवर आठ, पंधरा फुटांवर फाईव्ह-सिक्स. संपला विषय.

त्याचा यॅशिका-डी आता माझ्याकडे आहे. कॅमेरा वारशाने आला, नजर आली नाही. या कॅमेऱ्यात मीटर नाही, सेल नाही, वरून मान खाली घालून बघायचं. १२०च्या रोलवर बारा फोटो. पहिल्या रोलचे सात अंडर गेले, म्हणजे उजेड कमी पडून काळपट आले. घरात काढलेले सगळे त्यात होते.

घरातच का, ते मला पुढे मीटरने शिकवलं. आमच्या हॉलमध्ये दुपारी चांगला उजेड असतो असं माझं मत होतं. खिडकीशेजारी बसून पेपर वाचता येतो, म्हणजे उजेड आहेच की! बाहेरच्या उन्हात आणि या हॉलमध्ये नऊ-दहा स्टॉपचा फरक निघाला. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तेव्हा दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट. दारातून आत येताना डोळा हा हिशेब गुपचूप मिटवून टाकतो आणि आपल्याला कळूही देत नाही. फिल्मला असलं काही जमत नाही.

मीटर घेण्याआधी फोनमधलं अॅप वापरून पाहिलं. आकडे ठीक यायचे, पण गळ्यात कॅमेरा, हातात फोन, आणि मोजता मोजता कुरिअरवाल्याचा कॉल. मग एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून सेलेनियमचा मीटर आणला. काय देखणी वस्तू! पुढे मधमाशीच्या पोळ्यासारखी काच, आत सुई, आणि सेलची गरजच नाही; प्रकाश पडला की सेलेनियम स्वतःच वीज तयार करतं. दुकानदाराने आभाळाकडे धरून सुई हलवून दाखवली आणि मी भाळलो. सुई हलते म्हणजे खरं बोलते असं नाही. आत ओल शिरून पट्टी म्हातारी झाली होती. उन्हात बरोबर सांगायचा, सावलीत दोन स्टॉप चुकायचा. म्हणजे जिथे विचारायची गरज नव्हती तिथेच काय तो हुशार. सध्या तो शोकेसमध्ये आहे.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारे इवलेसे डिजिटल मीटर आता मिळतात. रुबाबदार असतात. पण त्यातले बहुतेक समोरच्या वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतात, आणि तिथेच गोची आहे. मीटरला जग राखाडी वाटतं. पडलेल्या प्रकाशाचा साधारण १८ टक्के परत फेकणारा मधला करडा रंग, तोच समोर आहे असं धरून तो आकडा देतो. आषाढी वारीची पालखी पुण्यात आली की पांढऱ्या धोतर-सदऱ्यांच्या दिंडीवर मीटर रोखा. तो म्हणेल, फार उजेड आहे, कमी करा. ऐकलंत तर धोतरं मळकी. पाताळेश्वरच्या काळ्या दगडावर रोखा. म्हणेल, अंधार आहे, वाढवा. ऐकलंत तर लेण्याचा बेसाल्ट सिमेंटच्या रंगाचा होतो. वाईट हेतू नाही त्याचा. स्वभाव आहे.

म्हणून मी शेवटी सेकॉनिकचा ट्विनमेट हा मीटर घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, ४० ग्रॅमच्या आसपास, वजनकाट्यात असतो तोच नाण्याएवढा सीआर २०३२ सेल. त्याच्या तोंडावर एक छोटा पांढरा घुमट सरकवता येतो. घुमट लावला की वस्तूवरून परतलेला नाही, वस्तूवर पडणारा प्रकाश मोजला जातो. धोतर पांढरं की दगड काळा, याच्याशी मग त्याला देणंघेणं नाही. फक्त वस्तूपाशी जाऊन घुमट कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचा. जवळ जाता येत नसेल तर आपला तळहात त्याच उजेडात धरायचा, घुमट काढून त्याचं रीडिंग घ्यायचं आणि एक स्टॉप जास्त उघडायचं, कारण तळहात करड्यापेक्षा साधारण तेवढा उजळ असतो.

मला सगळ्यात आवडते ती त्याची तबकडी. काटा जुळवला की आठला एकशेपंचवीस, फाईव्ह-सिक्सला अडीचशे, अकराला साठ, अशा सगळ्या जोड्या एकदम समोर येतात. डिजिटलवाला एकच उत्तर देतो. हा पंगतीत वाढतो. तुम्ही हवं ते घ्या.

गेल्या श्रावणात मामा घरी आला होता. गॅलरीत आईचा फोटो काढायचं ठरलं. मी तिच्या हनुवटीखाली घुमट धरला.

"थर्मामीटर आहे का?" आई म्हणाली.

मामा खुर्चीतून न उठता फरशीकडे बघत होता. "आठ," तो म्हणाला.

तबकडी आठ आणि अकराच्या मध्ये अडली होती. मी ते त्याला सांगितलं नाही. मीटरवर विश्वास ठेवून अॅपर्चर मधोमध लावलं, फोकस केला, श्वास रोखला, बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"शटर ताणलंस का?" मामा म्हणाला.

यॅशिका-डीला रोल पुढे सरकवला तरी शटर वेगळं ताणावं लागतं. मी दांडी ओढेपर्यंत ढग आला, फरशीवरची सावली पुसली गेली, आणि मामा नुसतं म्हणाला, "फाईव्ह-सिक्स." मीटर खिशात होता. तो तसाच राहू दिला.