पाय, धोतरं, मेंढरं

देहूहून पालखी निघाली की पहिला थांबा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथं अभंग, आरती, मग आकुर्डीचा रस्ता. फोटो पाहिलेले होते, माहिती होती, पण प्रत्यक्षात मला काय दिसलं तर पुढच्या बाबांच्या पताकेचं टोक, जे वाऱ्यानं सारखं माझ्या तोंडावर येत होतं, आणि मागून 'चला माऊली, चला' म्हणत रेटणारे हात. शेजारच्या मावशींना विचारलं, दर्ग्यापाशी आरती कशी काय? डोक्यावरची तुळस सावरत त्या म्हणाल्या, "तुकोबांचं आन् त्यांचं जमायचं म्हणून." पुढं काही नाही. ज्या विषयावर मी कुणाशीही दोन तास वाद घातला असता तो त्यांनी एका वाक्यात उरकला आणि पुन्हा ज्ञानबा-तुकाराम धरलं.

पुण्याचा मुक्काम, गर्दी, बिस्किटांचे पुडे, टीव्हीवाले. लोणी काळभोर. यवतचं पिठलं-भाकरी. वरवंड, रोटी घाट. याचा क्रमही आता नीट लागत नाही. पहाटे अंधारात टँकरपाशी आंघोळ, तंबू उतरवायचे, ट्रकमध्ये सामान टाकायचं, चालायचं, जेवायचं, परत चालायचं, संध्याकाळी हरिपाठ आणि तंबूत शेजारच्याचं घोरणं. हरिपाठाला डोळ्यात पाणी यायचं आणि अर्ध्या तासात त्याच टाळकऱ्याचा राग यायचा कारण त्यानं माझ्या जागेवर पथारी टाकलेली.

सोबतचा मित्र सांतियागोची वाट चालून आलेला, स्पेनमधली ख्रिस्ती यात्रेची. सॅकला अजून तिथला शिंपला लटकलेला, आणि तोंडात सारखं 'तिकडं असं असतं'. तिकडं म्हणे पासपोर्टसारखी एक वही मिळते, मुक्कामाच्या जागी शिक्के मारून घ्यायचे, शेवटचे निदान १०० किलोमीटर पायी चालल्याचे शिक्के दाखवले की प्रमाणपत्र. मावशी ऐकत होत्या. "शिक्का कशाला? पांडुरंग वळखत न्हाई व्हय मला?" मित्र हसला, म्हणाला, मावशी, तिकडं तर देव न मानणारेही खूप चालतात. "मंग कशाला चालत्यात?" असंच, बरं वाटतं म्हणून. मावशींनी जरा विचार केला. "बरं वाटतंय न्हवं? मंग झालं तर." त्यानंतर मित्र बराच वेळ गप्प होता, तेवढ्यासाठी मी मावशींचा ऋणी आहे.

उंडवडीहून बारामतीकडं जाताना माझे पाय गेले. मोजे रात्रभरात वाळले नव्हते, ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं, आणि दुपारच्या जेवणानंतर उठलो तर डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. उजव्या अंगठ्याखाली दुसरा. सुरुवातीला टाळाच्या ठेक्यावर पाय टाकून बघितले, मग पायाच्या कडेवर चालून, मग दिंडी पुढं गेली आणि मागची दिंडी आली, तीही पुढं गेली. लोक प्रेमानं 'माऊली, सावकाश' म्हणायचे आणि त्या प्रेमाचीच चीड यायची. कुणीतरी हातात केळं दिलं. मला केळं नको होतं. पुढं कुणीतरी अजून एक केळं दिलं. दोन केळी घेऊन लंगडत जाणारा माणूस ही काय भक्ती आहे का, असं मनात आलं आणि विठ्ठलालाही दोन शब्द सुनावले, ते इथं लिहीत नाही.

एका लिंबाखाली तिघं बसलेले. एक जण चपलांचे अंगठे शिवून देत होता, एक जण फुकट दाढी करून देत होता, आणि तिसरा पायमशीन घेऊन बसलेला शिंपी, वारकऱ्यांच्या फाटलेल्या पिशव्या, झोळ्या, सुटलेले बंद शिवत. त्यानं मला लांबूनच बघितलं असणार. "हिकडं या. बसा. मोजं काढा." काढले. त्यानं पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, माझा तो घामेजलेला, धुळीनं माखलेला पाय, मी ओढायला लागलो तर म्हणाला, "गप बसा वो माऊली." काडी पेटवून सुईचं टोक धरलं, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या या कडेनं घालून त्या कडेनं काढला. दोरा आतच ठेवला, दोन्ही टोकं बाहेर. पाणी झिरपत राहील, कातडं अजिबात ओढायचं नाही. मित्र इन्फेक्शनबद्दल काहीतरी बोलायला लागला. शिंपी म्हणाला, "डॉक्टर सांगतील ते खरंच. म्या शिंपी हाय, मला सुईचं कळतंय."

तेवढ्यात एक जण नवी पँट घेऊन आला, लांबी कमी करून द्या म्हणाला. शिंपी असला भडकला! "ही सेवा हाय, दुकान न्हाय! वाटंत फाटलं तर आणा." तो माणूस गेल्यावर दुसऱ्या पायाला लागला, हात परत तितकाच हलका. वारीला का येत नाही असं मी विचारलं. म्हातारी आई अंथरुणाला आहे म्हणाला, आणि "आमचा नामदेव बी शिंपीच की" हे मशीनला तेल घालता घालता, फारसं महत्त्व न देता. मी निघताना त्यानं त्याच पायांना हात लावून नमस्कार केला. मीही वाकलो, पण वाकताना टाच दुखली आणि तोंडातून शिवी निघाली. तो खदखदून हसला.

पुढचे तीन-चार किलोमीटर कसे झाले कळलं नाही असं लिहायला आवडलं असतं. कळले. नीट कळले. पण डोकं दुसरीकडं लागलं. इराकमध्ये अरबईनला, म्हणजे इमाम हुसेनच्या चाळिसाव्याला, लोक नजफहून करबलापर्यंत चालत जातात, साधारण ८० किलोमीटर, त्याचे व्हिडिओ पाहिलेले आठवले. तिथंही कडेला तंबू टाकून बसलेली माणसं अनोळखी यात्रेकरूंचे पाय रगडून देतात, बूट पुसतात, जेवल्याशिवाय पुढं जाऊ नका म्हणून वाट अडवतात. जपानमध्ये शिकोकू बेटावर ८८ देवळांची फेरी आहे, १२०० किलोमीटरच्या आसपास, तिथले गाववाले वाटसरूंना फळं, चहा, पैसेसुद्धा देतात आणि देणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. त्या यात्रेकरूंची काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी, ज्या बौद्ध संताच्या नावानं ही फेरी, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचं टोक धुवायचं, मग स्वतःचं बघायचं. आमच्या मावशी तंबूत शिरल्या की आधी तुळशीला जागा करतात, मग कंबर टेकतात. हे एकमेकांकडून शिकलेलं नाही. चालणाऱ्याचे पाय दुखतात आणि जपायला सोबत काहीतरी लागतं, हे कुठल्याही ग्रंथाच्या आधी माणसाला कळलेलं असणार. पाय दाबण्याला पुण्य हे नाव नंतर मिळालं असेल.

काटेवाडीत हेच परत समोर आलं. पालखी गावात शिरते तेव्हा परीट समाजाची माणसं धोतरांच्या पायघड्या घालतात. पांढरी स्वच्छ धोतरं रस्त्यावर, आणि त्यावरून पालखी. मग मेंढ्यांचं रिंगण. रथाभोवती मेंढरं पळतात, धूळ, लोकरीचा वास, मागं धनगरांचं ओरडणं, एक कोकरू उलट्या दिशेला सुटलं आणि पोलिसाच्या पायात आलं. सगळे हसत होते आणि माझ्या घशात आवंढा. कारण काय ते सांगता येत नाही. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव असावा असं संशोधक रा. चिं. ढेरे यांनी मांडलंय, ते वाचताना पटलं होतं, पण मेंढरं अंगावर आल्यावर जास्त पटलं. धोब्याकडं धोतर होतं, धनगराकडं मेंढरं, शिंप्याकडं सुई. ज्याच्या हाताशी जे होतं ते त्यानं देवापुढं आणलं आणि तोच धर्म झाला. कुठल्या शास्त्रात मेंढ्यांचं रिंगण सांगितलंय?

पण मग रात्री झोप येईना तेव्हा दुसरी बाजूही दिसायला लागली. धोतर अंथरायचा मान परटाचाच, मेंढरं धनगराचीच, बैलजोडीचा मान, ध्वजाचा मान, कुठली दिंडी रथापुढं आणि कुठली रथामागं, सगळं ठरलेलं. दिवसभर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, आणि जागा कुणाची कुठं हे मात्र कुणी विसरत नाही. गावानं आपली भक्ती आणली तशी आपली उतरंडही आणली. माळकरी बाबांपाशी हे बोललो तर ते म्हणाले, "मान हाय म्हणून तर पोरं गावाकडं येत्यात, न्हाई तर पुण्यातनं कोण यील?" हेही खोटं नाही. मला चिडायचं होतं, नीट चिडता आलं नाही.

बेलवाडीचं रिंगण मोबाइलांच्या पाठीमागून बघितलं. घोडा उधळला, टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड. आळंदीच्या ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीला आजची शिस्त लावली ती १८३० च्या आसपास हैबतबाबा आरफळकरांनी, तेही शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. घोडे, तंबू, चोपदार, दिंड्यांचे क्रम, म्हणजे लष्कराची छावणीच की, फक्त लढायचं कुणाशी नाही. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज १६८५ मध्ये पालखी घेऊन निघाले तेव्हा यातलं किती असेल? आणि २०२० मध्ये पादुका एसटीनं गेल्या, मोजक्या माणसांबरोबर. मावशींच्या मते तीही वारीच. "देवाला कळतंय रोग हाय ते."

इंदापूर, सराटीचं नीरास्नान, अकलूज. बोरगाव की पिराची कुरोली, कुठंतरी प्रचंड पाऊस आणि तंबूत पाणी. वाखरीला इतकी माणसं की पाय दुखतोय हे सांगायला कुणी रिकामं नाही.

पंढरपुरात दर्शनाची रांग बघून मी नामदेव पायरीशीच थांबलो. समोर चोखोबांची समाधी. चोखोबांना अस्पृश्य म्हणून आत घेतलं नाही, आणि त्यांच्या लोकांना दार उघडलं १९४७ मध्ये, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे वर्षं! तेवढा काळ चोखोबांचे अभंग म्हणतच लोक आत जात होते. गाण्याला कधी बाहेर ठेवलं नाही, माणसाला ठेवलं. या वाटेवर मला जे जे आवडलं ते माणसांनी आणलेलं होतं, आणि हेही माणसांनीच आणलेलं, ते विठ्ठलाच्या नावावर खपवू नये.

एकादशीला पहाटे मुख्यमंत्र्यांची शासकीय महापूजा, रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला सोबत मान. आता ही पण प्रथाच. मित्राला ते जोडपं टीव्हीवर बघायचं होतं. मावशींना त्यात काडीचा रस नव्हता, त्यांनी कळसाला हात जोडले, "झालं दर्शन" म्हणाल्या आणि थेट प्रदक्षिणा मार्गावर नातीसाठी बांगड्या घ्यायला गेल्या. भावावरून त्यांनी जे भांडण काढलं, त्यात बांगडीवाल्याला एकदाही माऊली म्हणाल्या नाहीत.