तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रकार बायको, डोंगर आणि सायकल

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत आणि हिशेबाच्या फायली घेऊन माझ्या कचेरीत येणाऱ्या क्लायंटांकडूनही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "वहिनी चित्रकार आहेत ना, मग घरी कसं असतं हो सगळं?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन कल्पना असतात. पहिल्या कल्पनेत रात्री-अपरात्री लहर आली की कुंचला घेऊन बसणारी आणि गॅसवर ठेवलेले दूध विसरणारी बाई असते. दुसरीत आम्ही रविवारी सायकली काढतो किंवा पाठीवर सॅक टाकून गडावर जातो, तेव्हा आमचा संसार म्हणजे एक लांबलेली सहलच असणार, असा समज असतो. थोडक्यात उत्तर द्यायचे तर डोंगर ही तिची कामाची जागा आहे आणि आम्हा दोघांची सुट्टी सायकलवर होते. हे असे का, ते सविस्तर सांगतो.

आधी लहरीविषयी. माझी पत्नी जलरंगात निसर्गचित्रे करते आणि माझ्यापेक्षा अधिक नेमाने कामाला बसते. या नेमाचे कारण तिच्या स्वभावात कमी आणि उजेडात जास्त आहे. दिव्याखाली रंगांच्या छटा फसव्या दिसतात, म्हणून रंगाचे काम दिवसाउजेडीच करायचे, हा तिचा दंडक. चित्रकाराच्या खोलीला उत्तरेची खिडकी असावी असा जो संकेत आहे तो युरोपातून आलेला असून तिकडे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून दुपारचे थेट ऊन आत येत नाही. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्यसुद्धा डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत, आभाळ निरभ्र असेल तर, ईशान्येला उगवलेल्या सूर्याची तिरपी उन्हे सकाळी थेट तिच्या टेबलावर उतरतात. मग खिडकीला पांढरा पडदा लागतो, टेबल भिंतीकडे सरकते आणि घरातले चहा-नाश्त्याचे वेळापत्रकही त्याबरोबर सरकते. माणसाची लहर सांभाळणे कदाचित सोपे असेल, सूर्याशी मात्र वाद घालता येत नाही.

पावसाळ्यात हीच गोष्ट कागदाची. जलरंगाच्या चांगल्या सुती कागदाला जिलेटिनची किंवा तशाच एखाद्या पदार्थाची खळ दिलेली असते आणि ती रंगाला कागदाच्या पृष्ठभागावर धरून ठेवते. दमट हवेत खळ बिघडली की कागद टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो, आणि बुरशीचे ठिपके पडले तर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड, महाग कागदही वाया जातो. त्यामुळे आमच्या कपाटातला सर्वांत कोरडा कप्पा कागदांचा आहे. त्यात बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या डब्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या असतात, आणि आम्हाला ओळखणारी मंडळी त्या आता आपणहून आणून देतात. पूर्ण झालेले चित्र मागून ओलसर करून दोन फळ्यांमध्ये सपाट करताना वर वजन लागते, तेथे माझे आयकर कायद्याचे जाडजूड जुने ग्रंथ कामी येतात. दर अर्थसंकल्पानंतर शिळ्या होणाऱ्या त्या आवृत्त्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचलेला नाही.

पैशांविषयी लोक आडून विचारतात, मी सरळ सांगतो. उत्पन्न गठ्ठ्याने येते आणि खर्च दरमहा होतो. मुंबईतल्या जहांगीर कलादालनात आठवडाभराची तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि त्या आठवड्याआधी फ्रेम, काच, वाहतूक यांचे पैसे देऊन झालेले असतात. म्हणून विक्रीची रक्कम एका वेगळ्या खात्यात जाते आणि त्यातून तिला दरमहा ठरलेला पगार मिळतो. ही युक्ती माझी आहे आणि माझ्या व्यवसायातून घरात आलेली ही बहुधा एकमेव उपयोगी वस्तू असावी.

आता डोंगर. आम्ही राजगडाला गुंजवण्यातून चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर चढतो, तेव्हा बरोबरची मंडळी एका दिवसात बालेकिल्ला, सुवेळा माचीचे नेढे (कातळातले आरपार भोक) आणि संजीवनीची दुहेरी तटबंदी असे सगळे बघून संध्याकाळी खाली उतरण्याच्या बेताने झपाझप निघून जातात. आम्ही माचीवर एक जागा धरून बसतो. तिला समोर संजीवनीचा पश्चिमेकडे गेलेला लांब पट्टा आणि त्याच्या मागे तोरणा हवा असतो. पहिला अर्धा तास ती काहीच करत नाही, निदान येणाऱ्या-जाणाऱ्यांना तरी तसे वाटते. तयार पांढरा रंग वापरायचा नाही, जिथे पांढरे हवे तिथे कागदच कोरा ठेवायचा, असा तिचा नियम आहे. त्यामुळे तटाच्या दगडावरचे ऊन नेमके कुठे राखायचे हे कुंचला टेकवण्याआधी ठरवावे लागते आणि एकदा रंगाखाली गेलेला कागद पुन्हा तितका पांढरा होत नाही. तोवर सावल्या पुढे सरकत असतात. एप्रिलच्या उन्हात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पसरून होण्याआधीच त्याची कड वाळून नको तिथे रेघ उमटते, तर डिसेंबरच्या धुक्यात तोच वॉश वाळायचे नाव घेत नाही आणि बोटे आखडून जातात. ज्याला लोक निवांत छंद समजतात ते हे काम मी जवळून पाहिले आहे, आणि ३० सप्टेंबरच्या आधीच्या रात्री लेखापरीक्षणाचे अहवाल पुरे करणारी माझ्या कचेरीतली माणसे मला तिच्यापेक्षा निवांत वाटतात.

सह्याद्रीच्या दगडाविषयी तिची काही ठाम मते आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यातून हा प्रदेश घडला, म्हणून आपल्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात आणि दोन थरांमधल्या अरुंद पायरीवर गवत धरते. हिमालयात सराव केलेला हात येथे सवयीने उभ्या, टोकदार रेषा मारतो आणि मग डोंगर परका दिसतो, असे ती म्हणते. कातळाचा करडा रंग ती ट्यूबमधला घेत नाही, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र करून बनवते, कारण त्यात निळ्याचे कण कागदाच्या खाचांत बसतात आणि दगडाचा खरबरीतपणा आयता मिळतो. मला हे सगळे पाठ झाले आहे, पण माझा करडा अजून चिखलाच्या रंगावर जातो.

आमचे खरे मतभेद ऋतूवरून होतात. पावसाळ्यात अवघे पुणे सिंहगडाच्या दिशेने धावते, आणि हिरवेगार डोंगर पाहून मलाही घरात बसवत नाही. तिला तो हिरवा नको असतो. सगळीकडे एकच हिरवा असला की जवळचे आणि लांबचे वेगळे दाखवायला काही उरत नाही, असे तिचे म्हणणे. दसऱ्यानंतर गवत पिकू लागते, पिवळे, मग तांबूस होते, आणि होळीच्या सुमारास डोंगर उघडे पडून त्यांची हाडे दिसायला लागतात. तिचा हंगाम तो. माझ्या धंद्याला हे सोयीचे आहे हे मान्य केले पाहिजे. ३१ जुलैची विवरणपत्रे आणि त्यानंतरचे लेखापरीक्षण यांत माझा पावसाळा जातो, तेव्हा ती खिडकीशी बसून जुन्या रेखाटनांवर काम करते आणि स्वयंपाकघरही बघते. हिवाळ्यात ते माझ्याकडे येते.

ती चित्र काढत असताना मी काय करतो, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. मी मुळात आतकरवाडीतून सिंहगड किती मिनिटांत चढलो हे घड्याळात बघणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे एका जागी बसणे मला जमत नाही. मी बालेकिल्ला चढून येतो, माकडांपासून डबा राखतो आणि "ताई, माझं पण एक काढा ना" म्हणणाऱ्या पोरांना गप्पांत गुंतवतो. पाणी वाहून नेणे हेही माझ्याकडे आहे, आणि चित्राचे पाणी पिण्याच्या पाण्यात धरायचे नसते. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असे धातू असतात, म्हणून कुंचले धुतलेले गढूळ पाणी टाक्यात किंवा तळ्याकाठी ओतायचे नाही, बाटलीत भरून खाली आणायचे, असा आमचा नियम आहे. त्यामुळे इतरांचे ओझे उतरताना हलके होते, माझे फारसे होत नाही. चित्रकाराच्या घरच्यांना समोर बसावे लागते, अशीही लोकांची समजूत असते. ती अगदीच निराधार नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात दिव्याच्या ज्योतीवर हात धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे जे प्रसिद्ध जलरंगचित्र आहे, त्यासाठी चित्रकार सा. ल. हळदणकरांनी आपल्याच मुलीला उभे केले होते. मी मात्र माझ्या पत्नीच्या चित्रांत असतो तो डोंगराची उंची कळावी म्हणून टाकलेल्या एका ठिपक्याच्या रूपात.

तेव्हा डोंगरावर आम्ही एकत्र जातो खरे, पण तिथे आमचे बोलणे जवळजवळ होत नाही. ते होते सायकलवर, कारण पेडल मारताना चित्र काढता येत नाही. सायकलला लावायच्या पिशवीत पंक्चरचे सामान, पंप आणि चिक्की असते. स्केचबुकाला त्यात बंदी आहे आणि ही बंदी तिनेच घातली आहे. एनडीएच्या बाजूने खडकवासल्याच्या पाण्याकडेने कुडजे, मांडवी, बहुली असा जाणारा रस्ता आम्हाला प्रिय आहे. सकाळी तिथे वर्दळ तुरळक असते आणि शेजारी शेजारी सायकल चालवत बोलता येते. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची की नाही, मुलाने शिकायला बाहेरगावी जावे का, भाड्याची खोली घेऊन तिथे स्टुडिओ थाटणे परवडेल का, या साऱ्याचा विचार याच रस्त्यावर झाला. समोरासमोर बसून जे विषय चिघळतात ते दोघांचीही नजर रस्त्यावर असली की बरे सुटतात, असा माझा अनुभव आहे. वारा तोंडावर असेल तेव्हा आम्ही आळीपाळीने पुढे राहतो, कारण मागच्याला कमी जोर लावावा लागतो. बोपदेव घाटात मात्र हा समजुतीचा कारभार चालत नाही. ती वजनाने हलकी असल्यामुळे पुढची लहान आणि मागची मोठी चकती लावून एका लयीत वर निघून जाते, मी धापा टाकत मागे राहतो. सासवडच्या बाजूला उतार लागला की माझे वजन माझ्या कामी येते.

"पण मग घर कोण बघतं?" हा प्रश्न शेवटी येतोच. पुरुष चित्रकाराच्या बायकोला तो कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही, आणि मला विचारणाऱ्यांत बायकाही पुष्कळ असतात, याचे मला अजून नवल वाटते. घर दोघे बघतो, वर सांगितलेल्या हंगामाप्रमाणे, आणि ज्या आठवड्यात तिचे प्रदर्शन व माझी अंतिम मुदत एकदम येतात त्या आठवड्यात ते पोळीभाजी केंद्रातल्या मावशी बघतात.

आमच्याबरोबर यायची इच्छाही काहीजण बोलून दाखवतात. बहुलीच्या रस्त्याला केव्हाही या, फक्त चेनला तेल घालून या. राजगडाला यायचे असेल, तर तीन-चार तास पुरेल इतके स्वतःचे काम बरोबर आणा, आणि पाण्याची एक रिकामी बाटलीही.