किकस्टार्टमध्ये डिस्कची ओळ जपून लिहावी
प्रत्येक सर्व्हरला पेनड्राइव्ह लावून लिनक्स बसवण्यापेक्षा पीएक्सई (नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची पद्धत) आणि किकस्टार्ट (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली फाइल) ही जोडी मला कितीतरी अधिक भरवशाची वाटते. सर्व्हर सुरू होताच डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून आयपी पत्ता व बूट फाइलचे नाव मिळते, टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने बूटलोडर (इन्स्टॉलर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) उतरतो आणि पुढे इन्स्टॉलर किकस्टार्ट फाइल वाचून कोणालाही प्रश्न न विचारता काम पूर्ण करतो. खरी काळजी घ्यावी लागते ती डिस्कच्या बाबतीत. किकस्टार्टमधील ‘क्लिअरपार्ट’ ही आज्ञा डिस्कवरचे पार्टिशन, म्हणजे विभाग, पुसून टाकते आणि लिनक्सने डिस्कला दिलेले ‘एसडीए’ हे नाव दर वेळी त्याच डिस्कला मिळेल याची खात्री नसते; म्हणून, विशेषतः शेजारी डेटाची डिस्क असेल तेव्हा, कोणती डिस्क वापरायची हे सांगणाऱ्या ‘इग्नोअरडिस्क’च्या ओळीत बाय-आयडी मार्गानेच (डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळखीवरून) नेमकी डिस्क नोंदवावी. बूटक्रमात नेटवर्क पहिले असल्यास, इन्स्टॉलेशन संपताच पीएक्सईच्या मांडणीतील त्या सर्व्हरच्या मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाची) नोंद स्थानिक डिस्ककडे वळवावी, अन्यथा सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल होऊ लागतो.