उद्या बाबांची मुलाखत: मुलांसाठी विनोदी कादंबरी लिहितानाचा माझा अनुभव

जिल्हा न्यायालयात मी 19 वर्षं लघुलेखक होते. पुकाऱ्याची वाट बघत व्हरांड्यात बसलेल्या माणसांत मुलं नेहमीच असायची. एकदा सात-आठ वर्षांची एक मुलगी शेजारच्या बाईंना मोठ्या कौतुकाने सांगत होती, "उद्या बाबांची मुलाखत आहे." बाईंना वाटलं, नोकरीची. "कुठल्या कंपनीत गं?" मुलगी म्हणाली, "जेलमध्ये." कैद्याला भेटायला जाण्यालाही तुरुंगात मुलाखतच म्हणतात, आणि तिच्या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. कादंबरी सुचली ती त्या क्षणी.

चोरांच्या घरातली दोन भावंडं, त्यांची आई, आजी आणि सारखे आत-बाहेर करणारे बाबा. मुलांना हसू यावं आणि हसता हसता या भावंडांवर जीव जडावा, एवढंच मला हवं होतं. पहिला खर्डा पाच महिन्यांत झाला. त्यात मी या कुटुंबाला गावाबाहेरच्या पालात ठेवलं होतं. बोलीही कोर्टात कानावर पडलेली दिली होती. त्यामुळे गोष्ट खरी वाटते, अशी माझी समजूत होती.

सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका असलेल्या मैत्रिणीला तो वाचायला दिला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "तुझ्या पुस्तकातलं घर माझ्या वर्गातल्या चौघांच्या घरासारखं आहे. त्यांचे आईबाप वीटभट्टीवर राबतात. हे पुस्तक वर्गात वाचलं, तर बाकीची पोरं कुणाकडे बघून हसतील, सांग."

मला उत्तर देता आलं नाही. मग मी लिहिणं थांबवून वाचायला बसले. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नावं रजिस्टरात, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर पास. 1897 च्या दुरुस्तीने तर मुलांना आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवायची सोय केली, वय वर्षं चारपासून! त्या ओळीतला तो आकडा मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. 'सेटलमेंट' हा शब्द तिथे आजही बोलण्यात आहे. कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. शिक्का मात्र पुसला गेला नाही. असाच शिक्का बसलेल्या जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचं 1987 मधलं आत्मकथन 'उचल्या' त्यानंतर पुन्हा वाचलं. तरुणपणी एकदा वाचलेलं, तेव्हा हे सगळं माझ्या नजरेतून निसटलं होतं.

खर्डा मी बाजूला ठेवला आणि पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायला घेतलं. कुटुंब आता शहरातल्या चाळीत, दोन खोल्यांत आलं. आडनाव कुठेच नाही. आणि एक पक्कं ठरवलं: हसू कुणाच्या बोलीवर, कपड्यांवर किंवा माराच्या वळांवर येता कामा नये. कोठडीतल्या मारहाणीचा एक 'गमतीदार' प्रसंग पूर्ण काढून टाकला.

मग गंमत कुठून येणार? ती त्या मुलांच्या गांभीर्यातून आली. तडीपार हे गावाचं नाव आहे असं समजून धाकटा भूगोलाच्या तासाला नकाशात ते शोधत बसतो. बाबा तिथे दोन वर्षं राहणार, म्हणजे तिथे शाळा असणारच, असा त्याचा हिशेब. आजीला कलमं पाढ्यांसारखी पाठ. पण 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चोरीच्या 379 चं 303 झालं, फसवणुकीच्या 420 चं 318. या वयात नवे आकडे कसे पाठ करायचे म्हणून ती हवालदिल होते आणि नात रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसवून तिची उजळणी घेते. हे प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं, आणि आजही ते मला सर्वांत आवडतं.

अडले ते सायकलीपाशी. बाबांनी आणलेल्या सायकलीची घंटी मुलीला ओळखीची वाटते, कारण ती तिच्याच वर्गमैत्रिणीची असते. एका प्रकाशकांनी चोरीचं उदात्तीकरण म्हणून हस्तलिखित परत केलं होतं. त्यांचा आक्षेप मला पटला नाही, तरी त्यामुळे हा प्रसंग मी 11 वेळा लिहिला. प्रत्येक वेळी मुलगी काहीतरी शहाणं बोलायची आणि पान मरून जायचं. शेवटी तिला बोलूच दिलं नाही. ती रात्रभर जागी राहून घंटीत कापूस कोंबते आणि पहाटे सायकल ढकलत मैत्रिणीच्या दाराशी नेऊन ठेवते. बाबांनी शिकवलेलं चोरपावलांचं सगळं कसब ती तिथे वापरते.

शेवटून दुसरं प्रकरण गळाभेटीचं. महाराष्ट्रातल्या तुरुंगांमध्ये हा उपक्रम झालेला आहे. एरवी भेट होते ती मध्ये जाळी ठेवून. गळाभेटीच्या दिवशी लेकराला बापाच्या मांडीवर बसता येतं. माझ्या गोष्टीतला धाकटा बाबांना मिठी मारतो आणि घरच्या सवयीने त्याचा हात त्यांच्या खिशात जातो. खिसा रिकामा. मग झडतीतून लपवून आणलेली लिमलेटची गोळी तो त्यात हळूच टाकतो. बाबांना पत्ताच लागत नाही.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या वर्गात जाऊन मी हेच प्रकरण वाचलं. ते चौघं तिसऱ्या रांगेत होते. खिशात हात गेला तेव्हा सगळा वर्ग हसला, ते चौघंही हसले. गोळीपाशी शांत झाले. वाचून झाल्यावर त्यांच्यातल्या एकाने हात वर केला. "बाई, त्याचे बाबा सुटून घरी आल्यावर पहिल्यांदा काय खातात?"

ते मी लिहिलंच नव्हतं. मी त्यालाच विचारलं.

"वरणभात," तो म्हणाला. "गरम. आणि आजी वाढते."

शेवटचं प्रकरण मी तिथून सुरू केलं आहे.