रिप्ले-लॉगच्या पॅचचा रिव्ह्यू : माझा अनुभव

आमची वाडी देवगडपासून थोडी आत आहे. तीन वर्षांपूर्वी ऐन आंब्याच्या सीझनमध्ये बाबा कॉम्प्युटरवर पेट्यांचा हिशेब लिहीत होते. वारा सुटला, लाईट गेली. परत आली तेव्हा ती फाईल शून्य बाइटची होती. नाव तेच, आत काही नाही. वाशीला गेलेल्या पेट्यांच्या पावत्या पुढ्यात घेऊन बाबांनी चार रात्री बसून तो हिशेब पुन्हा लिहिला. वीज गेल्यावर डिस्कवर नेमकं काय उरतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या घरचा झाला.

माझं कामही त्यातलंच आहे. लिनक्समध्ये २०१५ पासून डीएम-लॉग-राइट्स नावाची सोय आहे. डिस्कवर होणारं प्रत्येक राइट, म्हणजे डेटा लिहिण्याचं प्रत्येक काम, ती दुसऱ्या डिस्कवर क्रमाने नोंदवते. या नोंदींची यादी म्हणजे लॉग. साधं राइट पूर्ण झालं तरी त्याची नोंद लगेच होत नाही, ती पुढच्या फ्लशपर्यंत, म्हणजे कॅशमधलं सगळं कायमचं उतरव असा हुकूम डिस्कला मिळेपर्यंत, थांबते. कारण डिस्कच्या कॅशमधलं, म्हणजे तिच्या तात्पुरत्या साठ्यातलं, खरंच टिकलं की नाही, याची खात्री फ्लशनंतरच होते. एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिमच्या (डिस्कवर फाईली मांडणाऱ्या व्यवस्थेच्या) चाचण्यांच्या संचातला रिप्ले-लॉग हा छोटा प्रोग्राम मग त्या नोंदी एकेक करून कोऱ्या डिस्कवर पुन्हा चालवतो. हव्या त्या नोंदीवर थांबायचं आणि एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम धड आहे का ते तपासणारा प्रोग्राम, चालवायचा. ‘नेमकी इथेच लाईट गेली असती तर?’ याचं उत्तर मिळतं.

या आषाढात टीममधल्या एका मुलीने रिप्ले-लॉगमध्ये बदल करून पाठवला. ती मूळची चिपळूणची, कामाला लागून दोनच वर्षं झालेली. बदल असा: सेक्टरची (डिस्कवरच्या ठरावीक मापाच्या छोट्या तुकड्यांची) हद्द द्यायची आणि तेवढ्याच भागातली राइट्स चालवायची, बाकीच्या नोंदी ओलांडून पुढे जायचं. बिघाड शोधताना हे फार उपयोगी पडतं. सगळा मिळून साठेक ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, नीट लिहिलेला. वाचून मला काही खटकलं नाही.

तरी मी वही काढली. पॅचमधल्या नव्या ओळी वाचून पॅच कळतो असं मला वाटत नाही. त्या ओळी ज्या डेटावरून धावणार, तो हाताने मांडून बघावा लागतो. पहिला सेक्टर, म्हणजे क्रमांक ०, सुपरब्लॉकचा; त्यात अख्ख्या लॉगची माहिती. पुढे प्रत्येक नोंदीचा हेडर, म्हणजे तिच्या डोक्यावरची माहिती: कुठला सेक्टर, किती सेक्टर, फ्लॅग (नोंद कुठल्या प्रकारची), डेटाची लांबी. आठ-आठ बाइटचे चारच आकडे, पण जागा अख्ख्या सेक्टरची. हेडरमागे खरा डेटा.

मी पाच नोंदी मांडल्या. एक मार्क (लॉगमध्ये घातलेली नुसती खूण), मग आठ सेक्टरचं राइट, मग २०४८ सेक्टरचा डिस्कार्ड, पुन्हा आठ सेक्टरचं राइट, शेवटी फ्लश. मार्कचा हेडर सेक्टर १ वर, पहिल्या राइटचा २ वर, त्याचा डेटा ३ ते १०, डिस्कार्डचा हेडर ११ वर. म्हणजे पुढचा हेडर १२ वर.

तिथे पेन थांबलं. डिस्कार्ड म्हणजे ‘एवढी जागा मोकळी केली’ एवढंच सांगणं, त्याच्यामागे डेटा नसतो. आणि नव्या कोडमध्ये हद्दीबाहेरची कुठलीही नोंद ओलांडताना हेडरमधल्या सेक्टरच्या संख्येइतकी उडी होती. डिस्कार्ड हद्दीबाहेर असला की १२ ऐवजी थेट २०६० वर!

त्याच पाच नोंदींचा लॉग खरोखर तयार केला, एका मोठ्या रिकाम्या फाईलवर. दुसऱ्या राइटमध्ये नुसते ‘अ’ भरले, ते हद्दीच्या आत पडतील असं पाहिलं, आणि पॅच लावून चालवला. एररची एकही ओळ नाही. पण हेक्सडंपने, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रामने, डिस्क पाहिली तर ‘अ’च्या जागी सगळी शून्यं. २०६० वर कोरी जागा होती. शून्यांचा हेडर म्हणजे शून्य सेक्टरची नोंद, म्हणून प्रोग्रामने ती झाली असं धरलं. पुढचीही तशीच. चौथी आणि पाचवी नोंद चाललीच नाही, तरी शेवट ‘यशस्वी’. जो प्रोग्राम फाइलसिस्टिमचा खोटेपणा पकडायला आहे, त्यानेच असं खोटं बोलावं हे मला सहन होईना.

एवढ्यात आईने हाक मारली, “लाईट जावच्या आदी जेवून घे रे.” जेवण पुढे ढकलून मी त्या मुलीला फोन लावला आणि वहीचं पान फोटो काढून पाठवलं.

“दादा, मी डिस्कार्डसकट चालवून पाहिलं होतं,” ती म्हणाली.

“हद्दीच्या आत की बाहेर?”

ती क्षणभर गप्प राहिली. “आत. बाहेर नाही पाहिलं.”

दुसरा मुद्दा हद्दीवर अर्धं आत, अर्धं बाहेर पडणाऱ्या राइटचा. मी म्हटलं, कापून आतला भागच लिही. तिने मानलं नाही. फाइलसिस्टिमने कधी न केलेलं अर्धं राइट आपण कशाला लिहायचं, पूर्णच लिहू. तिचं बरोबर होतं, मी माझा शेरा मागे घेतला. त्यावरूनच ठरलं की हद्द लावलेली डिस्क ही कुठल्याही खऱ्या क्षणाची डिस्क नसते, तिच्यावर एफएससीकेचा निकाल धरू नये. ती ओळ तिने प्रोग्रामच्या मदतीच्या मजकुरात घातली.

दोन दिवसांनी दुरुस्त पॅच आला. उडी आता फक्त डेटा असलेल्या नोंदींनाच होती. सोबत एक नवी टेस्ट होती, मी न सांगता लिहिलेली. तिच्या लॉगमध्ये माझ्या वहीतल्याच पाच नोंदी होत्या, त्याच क्रमाने.