कॅम्पोचा घाम: आखाजी ते कोजागिरी

गेल्या आषाढात कपाट उघडलं तर कॅम्पोला, म्हणजे माझ्याकडच्या लोखंडी अशनीच्या (आकाशातून पडलेल्या दगडाच्या) तुकड्याला, घाम फुटलेला. मोहरीएवढे तांबूस-पिवळे थेंब भेगेच्या काठानं ओळीत बसले होते. एक टाचणीनं फोडला आणि लिटमसच्या कागदावर टिपला, निळ्याचा लाल झाला. म्हणजे आम्ल. चार वर्षांपूर्वी घेतला तेव्हा हाच तुकडा काळाभोर होता, आणि तो तसाच राहावा म्हणून मी स्वतःच्या हातानं त्याच्यावर लाकडाच्या क्लिअर लॅकरचे दोन हात मारले होते. ते लॅकर आता जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखं सुटत होतं आणि प्रत्येक पोपड्याच्या पोटात गंज.

तेव्हा पाऊस चालू होता, त्यामुळे नुसता पुसून, सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) डब्यात कोंडून ठेवला. खरं काम यंदाच्या उन्हाळ्यात केलं. भुसावळला राहून मे महिन्याला शिव्याच देत आलो, म्हटलं या वेळी त्याला कामाला लावू.

नवीन मंडळींसाठी थोडं आधी सांगतो. माझ्याकडे चारच अशनी आहेत आणि चारही बाहेरदेशचे, बिलासकट घेतलेले. आपल्याकडे पडलेला दगड भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातो, घरात ठेवायचा नसतो. (आपल्या खानदेशातही पडलाय बरं का, १८७७ साली, धुळे भागात. भागूर नावानं यादीत आहे.) तर माझे चार असे: अर्जेंटिनातल्या कॅम्पो देल सिएलोचा लोखंडी तुकडा, २१२ ग्रॅम. रशियात १२ फेब्रुवारी १९४७ ला पडलेल्या सिखोते-अलिनची ४८ ग्रॅमची चिप. चीनमधल्या नानतानचा ९४ ग्रॅमचा गोळा. आणि सहारातल्या एका साध्या कोंड्राइटचा (धातूचे कण असलेल्या दगडी अशनीचा) पॉलिश केलेला काप, ३४ ग्रॅम.

आणि एक. लोक मला काळे दगड आणून दाखवतात, लोहचुंबक चिकटतं म्हणून. भाऊ, आपला सगळा मुलूखच बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट असतं. दोऱ्याला टांगलेलं चुंबक शेताच्या बांधावरच्या दगडाकडेसुद्धा झुकतं. फोडून बघा, आत धातूचे चमकते कण दिसले तर बोलू.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी

लॅकर उतरवलं. थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवलं, सकाळी ते सायीसारखं सुटलं. मग ब्रश. आमच्या शेजारी लोको शेडमधून रिटायर झालेले काका आहेत, जन्मभर फिटर. मी स्टीलचा ब्रश उचलला तसे म्हणाले, "पितळी घे रे बाबा. स्टीलनं चरे पाडशील आणि मग मला विचारशील हे आकाशातून आले का म्हणून." पितळीच घेतला. भेगांमध्ये बांबूची टोकदार काडी आणि दातांच्या डॉक्टरकडची जुनी वाकडी सळई.

सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात वजन केलं. घासण्याआधी २१२.४६, घासल्यावर २०९.८१. अडीच ग्रॅमपेक्षा जास्त नुसता गंजच गेला. सराफ म्हणाला, "सोनं असतं तर रडला असता."

आखाजीनंतरचा आठवडा

गंज वरून काढला म्हणजे काम झालं असं मलाही वाटायचं. पण रोग आत असतो. जमिनीत हजारो वर्षं पडून असताना अशनीत क्लोराईड (मिठात असतं तेच) शिरतं, मातीतलं, पाण्यातलं. ते भेगांमधून धातूच्या अंगापर्यंत पोचतं आणि तिथे अकागनाइट नावाच्या गंजात अडकून बसतं. पूर्वी सगळे लॉरेन्साइट नावाच्या खनिजावर खापर फोडायचे, की हे क्लोराईड अशनीनं आकाशातूनच आणलं. १९८९ मध्ये बुखवाल्ड आणि क्लार्क या दोघांनी अंटार्क्टिकातले नमुने तपासून दाखवलं की खरा चोर अकागनाइट आहे आणि क्लोराईड इथलंच, पृथ्वीवरचं. वाईट भाग असा की गंज होताना हे क्लोराईड खर्च होत नाही. लोखंड खाऊन झालं की मोकळं होतं आणि पुढच्या थराकडे जातं. हवेतला दमटपणा मिळाला की पुन्हा सुरू. म्हणून वरून तेल लावा, लॅकर लावा, आतला कारखाना चालूच राहतो. माझ्या लॅकरनं तर त्याला छप्पर घालून दिलं होतं.

उपाय कॉस्टिक सोड्याचा. त्यातला हायड्रॉक्साइड आत जातो आणि क्लोराईडला जागेवरून उठवतो. लोखंडाला अल्कलीत गंज चढत नाही, त्यामुळे तुकडा आठवडेच्या आठवडे बुडून राहिला तरी चालतो. मी लिटरला २० ग्रॅम घेतलं. पाणी बॅटरीचं, गॅरेजवर मिळतं ते डिस्टिल्ड. बोअरचं अजिबात नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात मीठच केवढं असतं. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच. भांडं जाड प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलंत तर पातेलंच विरघळेल आणि वर हायड्रोजन सुटेल.

बरणी गच्चीवर ठेवली, कारण पाणी गरम असलं की क्लोराईड लवकर बाहेर येतं. दुपारी तीनला आतलं पाणी ४९ अंश! हीटरचं बिल शून्य. फक्त त्याच गच्चीवर आईचं वाळवण होतं, उडदाचे पापड, कुरडया, बिबड्या. तिनं बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बरणी पाण्याच्या टाकीमागे कुलपाच्या पेटीत गेली. बरोबरच होतं तिचं. कॉस्टिक आणि खायची वस्तू एका गच्चीवर ठेवायची नसते, मी ठेवली, तुम्ही ठेवू नका. आजी खाटेवरून एवढंच म्हणाली, "दगडले आंघोळ घाली ऱ्हायना का तू?"

मेचा मध्य: तीन आठवडे पाण्यात

शब्दशः. क्लोराईड किती निघालं हे बघायला सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करतात. बरणीतलं ५ मिली पाणी परीक्षानळीत घ्यायचं, त्यात थेंब थेंब नायट्रिक ॲसिड घालून ते आम्ल करायचं आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. क्लोराईड असेल तर पांढरा ढग. ॲसिड आधी घातलं नाहीत तर तपकिरी गाळ पडतो, तो सिल्व्हर ऑक्साइडचा, त्याला काही अर्थ नाही. बोटांना लागलं तर आठवडाभर काळे डाग मिरवावे लागतात, मी मिरवले.

पहिला आठवडा संपला, चाचणी केली, ताकासारखं पांढरं. छान, निघतंय. पाणी बदललं. दुसऱ्या आठवड्यानंतर ताक. तिसऱ्यानंतरही तेवढंच घट्ट ताक. मी वहीत लिहून बसलो की हा तुकडा समुद्रात बुडाला होता की काय. मग शंका आली ॲसिडची, कारण ते सराफाकडून आणलेलं. तिथे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक एकाच फळीवर असतात, बुचं इकडची तिकडे व्हायला किती वेळ? नुसत्या बॅटरीच्या पाण्यात ॲसिड आणि सिल्व्हर नायट्रेट घातलं. स्वच्छ, काचेसारखं. ॲसिड निर्दोष, पाणीही निर्दोष. मग न वापरलेल्या सोड्याच्या ताज्या द्रावणावर तीच चाचणी केली आणि नळीत ताक.

हार्डवेअरच्या दुकानातला, नाल्या साफ करायचा सोडा होता तो. त्यातच मीठ असतं. तीन आठवडे मी मीठ काढायला मिठाचं पाणी घालत होतो. जळगावहून लॅबसाठीच्या दर्जाचा आणला, महाग पडला, पण त्याच्या ताज्या द्रावणात जेमतेम धूसरपणा. आता प्रत्येक चाचणीला शेजारी ताज्या द्रावणाची नळी उभी करतो आणि दोन्ही काळ्या कागदासमोर धरून बघतो. तुम्ही यातलं बाकी काही नाही केलंत तरी चालेल, ही शेजारची नळी ठेवा.

जूनचा पहिला आठवडा

नव्या सोड्यात पहिलं पाणी ताक, दुसरं तांदळाच्या धुवणासारखं, तिसरं हलकं धुकं. चौथ्याला दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या. एकेक पाणी पाच-सहा दिवसांचं. मृगाच्या आत संपवायचं होतं, आकाश भरून यायला लागलेलं, म्हणून शेवटचं पाणी चारच दिवस ठेवलं. हे पुढे नडलं, सांगतो.

नानतानचं बोलायचं तर तो बरणीतच उलगडला. बिबडीसारखे पापुद्रे एकावर एक सुटत गेले आणि मधे ३१ ग्रॅमची धातूची गाठ उरली. आत जवळपास सगळा गंजच होता, ९४ ग्रॅम म्हणून विकत घेताना मला कळलं नाही. पापुद्रे डबीत ठेवलेत, चुंबकाला अजून थोडे ओढतात.

सोड्यातून काढल्यावर कॅम्पोला बॅटरीच्या पाण्यात दोनदा धुतलं आणि लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाकलं. हे ९९ टक्केवालं मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात मिळतं, ते बोर्ड धुवायला वापरतात. मेडिकलमधलं ७० टक्केवालं आणू नका, उरलेलं पाणीच असतं. एक दिवस एका भांड्यात, दुसरा दिवस ताज्यात. अल्कोहोल भेगेतल्या पाण्याला बाहेर काढतं आणि स्वतः उडून जातं. मग अर्धा दिवस उघड्यावर, वास पूर्ण जाईपर्यंत, आणि त्यानंतरच ओटीजीत १०० अंशावर चार तास. अल्कोहोलनं ओला दगड थेट ओटीजीत टाकलात तर भडका उडेल. आणि घाई म्हणून तापमान फार चढवू नका, धातूला निळा-जांभळा रंग चढला की तुकड्याची अब्रू गेली.

कोमट असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेण सुती कापडानं चोळलं, गार झाल्यावर दुसरा हात. मेण का, तर नको झालं की थिनरनं निघतं. शिलाई मशीनचं तेलही चालतं, पण धूळ धरतं. मामांनी खोबरेल सुचवलं होतं. नाही हो मामा, ते खवट झालं की त्यात आम्लं तयार होतात.

सराफाकडे वजन: २०८.७१.

सिखोते-अलिनला सोड्याची गरजच पडली नाही. पुसलं, अल्कोहोलात बुडवलं, सुकवलं, मेण लावलं, संपलं. गुणी पोरगं आहे ते.

कोंड्राइटच्या कापाला मात्र मी सोडा लावला नाही, दगड सच्छिद्र, आत ओढून घेतला की बाहेर काढणं मुश्किल. त्याच्या पॉलिश बाजूवर धातूच्या प्रत्येक कणाभोवती नारिंगी कडं आलं होतं, जुन्या फोटोवर चहाचे शिंतोडे उडावेत तसं. १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर घेतला, पण पाण्याऐवजी आयसोप्रोपिलवर चालवला. खिडक्या उघड्या, गॅस बंद. काचेवर पेपर पसरून आठच्या आकड्यात फिरवायचं. वीस मिनिटांत कडी गेली आणि कण टिकलीसारखे चमकायला लागले. कोंड्र्यूलही (दगडातले बारीक गोल दाणे) उठून दिसतात आता, साबुदाण्याच्या खिचडीतल्या दाण्यांसारखे गोल.

श्रावणातला कानबाईचा रविवार

घरभर पाहुणे, रोट, आणि खोलीत आर्द्रता ८४ टक्के. एप्रिलमध्ये याच खोलीत १८ होती. डबा बंद, चार कड्यांचा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा २०.

मापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एका झाकणात मीठ घेऊन पाण्यानं नुसतं चिखलासारखं ओलं करा, मापकासोबत झिपच्या पिशवीत कोंबून रात्रभर ठेवा. बरोबर असेल तर ७५ दाखवला पाहिजे. माझा ८१ दाखवतो, म्हणून वरचे तिन्ही आकडे सहा वजा करून लिहिलेत. पिशवी उघडल्यावर हात धुऊन मगच दगडांना हात लावा, एवढं मीठ काढून पुन्हा बोटांनी तेच द्यायचं नाही. तसेही हातमोज्यांशिवाय मी आता कशालाच हात लावत नाही.

पाहुण्यांतल्या एका पोरानं विचारलं, दाखव ना आकाशातला दगड. डब्यातूनच दाखवला. बाहेर काढा म्हणून रडला. नाही काढला.

पोळ्यानंतर

जेल निळ्याचा गुलाबी झाला. ओटीजीत १२० अंशावर तीन तास, परत निळा. हा जुना ओटीजी फक्त याच कामाचा, कारण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराईड असतं. त्याच कारणानं जेल कापडी पुरचुंडीत बांधून दगडापासून दूर ठेवतो.

कोजागिरी

डबा उघडला, भिंगाखाली सगळे फिरवून बघितले. सिखोते-अलिन जसाच्या तसा. काप स्वच्छ, एका कडेला अगदी पुसट नारिंगी, बघत राहीन. नानतानच्या गाठीवर दोन नवे पापुद्रे, त्याचा नाद मी सोडलाय.

कॅम्पोचं वजन २०८.७२. काट्याची चूक म्हणूनही एवढा फरक पडतो, तेव्हा खूश व्हायला हरकत नव्हती. पण त्याच जुन्या भेगेच्या खालच्या टोकाला, मेणाच्या आत, टाचणीच्या डोक्याएवढा तांबूस ठिपका आहे. ओला नाही, लिटमस बदलला नाही. शेवटचं पाणी चार दिवसांत आवरलं, तेच बहुधा. त्या भेगेत सळई पाऊण सेंटिमीटर आत जाते, चार दिवसांत तिथलं सगळं निघणं शक्य नव्हतं.

आत्ता छेडत नाही, थंडी कोरडीच असते. डबा २० च्या खाली ठेवतो, ठिपक्याचा दर महिन्याला पट्टी शेजारी धरून फोटो काढतो. पुढच्या वर्षी आखाजीची वाट न बघता मेण उतरवून पुन्हा बरणीत, या वेळी एप्रिलच्या सुरुवातीपासून, म्हणजे सात-आठ पाणी आरामात होतील. टाकीमागची पेटी मोठी करून घ्यायला काकांना सांगितलंय. ते म्हणाले, पत्रा आण.