आवळता येणारी सॅडल बॅग: सात महिन्यांची नोंदवही

गेल्या जूनपासून माझ्या सायकलच्या सीटखाली एकामागून एक तीन बॅगा लागल्या. पहिली ठरावीक मापाची, ४५० रुपयांची. दुसरी झिप उघडली की फुगणारी, १,६५० रुपयांची. तिसरी तोंड गुंडाळून बंद करायची आणि पट्ट्यांनी आवळायची, ३,४०० रुपयांची. "मोठी-लहान होणाऱ्या बॅगेसाठी एवढे पैसे घालावेत का?" हे मला राइडवर बरेच जण विचारतात. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून वहीतल्या नोंदी इथे सविस्तर देते.

आधी सायकलचं सांगते, कारण बॅगेचं बरंचसं गणित तिथेच ठरतं. हायब्रिड, ७०० बाय ३२ चे टायर, सगळ्यात लहान मापाची फ्रेम. माझी उंची १५५ सेंमी. सीटच्या रेलपासून, म्हणजे सीटखालच्या दांड्यांपासून, मागच्या टायरपर्यंत सरळ खाली मोजलं तर १७ सेंमी जागा मिळते. उंच माणसाच्या सायकलला हीच जागा सहज २५ च्या पुढे जाते. माझे १७ लक्षात ठेवा.

जून. ठरावीक मापाची बॅग

आत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंक्चरचे पॅच, मल्टीटूल, चेनची क्विक लिंक आणि प्लास्टिकच्या पिशवीत ५०० रुपये. एवढ्यात बॅग गच्च. गच्च असल्यामुळे हलत मात्र अजिबात नाही. सिंहगड पायथा, पानशेत, कात्रज अशा रोजच्या राइडना या बॅगेबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती आणि आजही नाही.

ताम्हिणीच्या राइडला अडचण आली. पावसाळ्यात ताम्हिणीत काय कोसळतं ते सांगायला नको. मुळशीच्या पुढे पाऊस थांबला, घाम यायला लागला, आणि काढलेलं रेनकोट-जॅकेट ठेवायला जागाच नाही. जर्सीच्या मागच्या खिशात कोंबलं, ते ओलं धूड पाठीवर घेऊन ३० किमी चालवलं. त्यातच मागचं चाक बसलं. जादा ट्यूब काढून हवा भरली तर तीही फुसफुसतेय! मल्टीटूलचं टोक महिनाभर ट्यूबवर घासत होतं, घडीवरच बारीक भोक पडलं होतं. ते भोक ओल्या हातांनी शोधून पॅच लावण्यात ४० मिनिटं गेली. तेव्हापासून ट्यूब जुन्या मोज्यात घालून ठेवते. बॅग कुठलीही असो, एवढं मात्र सगळ्यांनी करा.

जुलै ते सप्टेंबर. फुगणारी बॅग

प्रवासी सुटकेसला असते तशी हिला मधोमध गोल फिरणारी झिप आहे. ती उघडली की आतलं घडी घातलेलं कापड मोकळं होतं आणि बॅग दीडपट होते. दुकानात बघताना हे फार आवडलं. जॅकेट मावतं, वर दोन राजगिऱ्याचे लाडू.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की फुगवलेली बॅग अर्धी रिकामी असली की आतल्या वस्तू खुळखुळतात, आणि खड्ड्यातून गेलं की सगळं खाली आदळतं. पूर्ण भरली तर मागचं टोक खाली झुकतं. मला वाटलं, पट्टा सैल राहत असेल. ओढून ओढून बांधला, तरी तेच.

ऑगस्टअखेर मागच्या चाकाचा चिखल झिपमध्ये बसून ती अडकली. मेणबत्ती घासून चार दिवस चालली, मग रनर निसटला. आमच्या पेठेत स्कूटरच्या सीटा शिवणारे एक रेक्झिनवाले काका आहेत, त्यांच्याकडे नेली. रनर त्यांनी पाच मिनिटांत बदलून दिला, पण बॅग लगेच परत देईनात. उलटी केली, अस्तर बाहेर काढलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, पट्टा या पुढच्या अर्ध्या भागाला शिवलाय. तुम्ही झिप उघडता तेव्हा मागचा भाग नुसता कापडावर लोंबतो. पट्टा कितीही ओढा, तो मागच्या भागापर्यंत पोचतच नाही." मग शिवण जिथे ताणली होती ती जागा दाखवली. तिथले टाके बोटभर लांबीत उसवायला आले होते. त्यांनी नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टाके घालून दिले. सगळ्याचे मिळून ८० रुपये.

माझ्या सात महिन्यांतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट मला या काकांनी सांगितली. 'अ‍ॅडजस्टेबल' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या बॅगा विकल्या जातात. एक वाढते. दुसरी आवळते. वाढणाऱ्या बॅगेत जागा मिळते, पण सामान कमी झालं की त्या जागेला धरून ठेवणारं काही नसतं. आवळणाऱ्या बॅगेत सामान जेवढं, तेवढीच बॅग. जादा पैसे द्यायचे तर या दुसरीलाच.

हे काही नवीन नाही. इंग्लंडमध्ये कॅराडाइस ही कंपनी १९३२ पासून मेणकापडी कॅनव्हासच्या सॅडल बॅगा शिवते. त्यांच्या लाँगफ्लॅप प्रकारात झाकणाची घडी उलगडून लांब करता येते आणि वरून पट्ट्यांनी सामान दाबून बांधता येतं. गोणीचं तोंड आवळतात तोच विचार.

ऑक्टोबर. गुंडाळायची बॅग

कमाल १० लिटरची घेतली. खरेदीच्या वेळी सगळे मोठा आकडा बघतात. मी या वेळी लहान आकडा शोधला, म्हणजे बॅग कमीत कमी किती होते ते. काही कंपन्या तसा पल्ला छापतात. ऑर्टलीबच्या मोठ्या सीट-पॅकवर ८ ते १६.५ लिटर असं लिहिलेलं असतं. माझ्यासारखीला त्यातला ८ हा आकडाच महत्त्वाचा, कारण त्याच्या खाली सामान गेलं की ती बॅगही लोंबणार.

पहिले दोन आठवडे पदरी निराशाच आली. जुन्या कात्रज घाटात उभं राहून पेडल मारलं की बॅग डावी-उजवी हेलकावे खायची, जणू मागे कुणी बसलंय आणि तोल सांभाळत नाहीये. ग्रुपमधल्या एका काकांनी, जे साठीनंतरही ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करतात, घाटमाथ्यावर सायकल थांबवायला लावली. "आत काय भरलंयस ते उलट्या क्रमाने काढ बघू," म्हणाले. सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या नळीच्या, बाजूला जॅकेट, आणि कुलूप, हत्यारं, चार्जर सगळं शेपटाकडे. "जड ते पोटाशी, हलकं ते शेपटाला. दप्तर भरताना आईने शिकवलं नव्हतं का?"

त्या दिवसापासून भरण्याची पद्धत ठरली. सर्वांत आधी हत्यारं आणि ट्यूब, अगदी सीटपोस्टला चिकटून. मग चार्जर, मग कपडे. तोंड उघडं ठेवून बॅगेवर छातीचा भार देऊन हवा काढायची आणि हवा पुन्हा शिरायच्या आत निदान तीन घड्या गुंडाळायच्या. रेलचे दोन पट्टे एकदम न ओढता आलटून पालटून थोडे थोडे. सीटपोस्टचा वेल्क्रो सर्वांत शेवटी. आणि निघाल्यावर १५-२० किमीवर एकदा थांबून पुन्हा सगळं ओढायचं, कारण तेवढ्या अंतरात सामान बसतं आणि पट्टे सैल पडतात. हे थांबणं चुकवलं की पुढचा दिवसभर बॅग हलते.

या मांडणीचा तोटाही लिहिते. पंक्चर झालं की हत्यारं सर्वांत तळाशी! म्हणून हत्यारं आणि ट्यूब आता बाटलीच्या आकाराच्या डब्यात, दुसऱ्या बॉटल केजमध्ये. त्यांच्या जागी पोटाशी चार्जर आणि कुलूप आलं. आणखी एक बारीक गोष्ट: वेल्क्रोचं टोक ज्या बाजूला संपतं, त्या बाजूच्या मांडीला शॉर्ट्स घासतात. माझ्या शॉर्ट्सवर रुपयाएवढा भाग धागे उठून पांढरा पडला. पट्टा उलट्या दिशेने गुंडाळून टोक मागे नेलं, तेव्हा घासणं थांबलं.

नोव्हेंबर. ३०० किमीची ब्रेव्हे

३०० ला २० तास मिळतात. पुण्याहून निघून जाताना खंबाटकी चढून साताऱ्याच्या पुढे आणि तसंच परत. बॅगेची खरी परीक्षा इथे झाली. त्या दिवशीच्या नोंदी वहीत आहेत तशा उतरवते.

पहाटे ५. जॅकेट, पायाचे वॉर्मर, हातमोजे सगळं अंगावर. बॅगेत खाणं, चार्जर, औषधं. तोंडाच्या घड्या ६. बॅग मुठीसारखी घट्ट.

सकाळी ९. खंबाटकी उतरल्यावर ऊन. अंगावरचं सगळं बॅगेत. घड्या ३. बॅग दुप्पट लांब, पट्टे पुन्हा ओढले, हलत नाही.

दुपारी २. गुळाच्या चार पोळ्या, खजूर, चिक्की संपली. घड्या ४.

संध्याकाळी ७.३०. गारठा. कपडे परत अंगावर. घड्या ७. बॅगेत जवळपास काहीच नाही, तरी शांत.

१८ तास १० मिनिटांत पोचले. एकाच दिवसात ६, ३, ४, ७. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या चार आकड्यांत मिळालं. ठरावीक मापाची मोठी बॅग घेतली असती तर सकाळी ९ ला ती छान वाटली असती आणि रात्री महामार्गाच्या कडेला, थकलेल्या खांद्यांनी, रिकामी बॅग मागे वळवळत असताना शेवटचे ७० किमी काढावे लागले असते. फुगणारी असती तर झिप बंद, झिप उघडी एवढ्या दोनच मापांत दिवस बसवावा लागला असता.

रात्रीचा एक धडा. ब्रेव्हेला मागचा लाल दिवा सायकलवर पक्का लावलेला हवा. मी तो बॅगेच्या शेपटावरच्या कडीत अडकवला होता. बॅग आवळली तसं शेपूट खाली वळलं आणि दिवा थेट रस्त्याकडे बघायला लागला. मागून येणाऱ्या सोबत्याने ओरडून सांगितलं म्हणून कळलं. आता दिवा सीट-स्टेवर, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या फ्रेमच्या नळीवर, असतो, आणि कडीला फक्त रिफ्लेक्टरची पट्टी.

कुणी घ्यावी

तुमचं बॅगेतलं सामान घरून निघताना आणि घरी परतताना सारखंच असेल, तर ४५० ची घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या. मनापासून सांगते, त्याने जास्त सुख मिळेल. शहरात ऑफिसला जाणाऱ्यांनीही या बॅगेच्या नादी लागू नये. दर वेळी पट्टे सोडा, काढा, खांद्यावर घेऊन जिना चढा, याचा कंटाळा येतो. त्यांना कॅरिअर आणि त्याला लटकवायची पॅनिअर बॅगच बरी.

चालता चालता कपडे अंगावरून बॅगेत आणि बॅगेतून अंगावर येणार असतील, म्हणजे २०० च्या पुढच्या ब्रेव्हे, घाटातला पावसाळा, थंडीतल्या पहाटेच्या लांब राइड, तर जवळपास ३,००० रुपये जास्त देणं मला पटतं. मधल्या, झिपच्या बॅगेवरचे पैसे मात्र वाया गेले असंच म्हणेन. काकांचे टाके मजबूत आहेत, पण ती आता कपाटात आहे.

डिसेंबर. किनाऱ्याने चार दिवस

अलिबाग ते गणपतीपुळे. रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट, दिवेआगरला मुक्काम. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेश्वी, मुक्काम हर्णै. मग दाभोळ-धोपावे ओलांडून गुहागर, आणि शेवटच्या दिवशी तवसाळ-जयगड. चार खाड्या, चार फेरीबोटी, आणि प्रत्येक खाडीनंतर उभा चढ. ज्यांनी केलंय त्यांना ते चढ माहीत आहेत.

या वेळी बॅग पूर्ण १० लिटर भरली होती. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरच्या अलीकडच्या उतारावर जळक्या रबराचा वास आला. मला वाटलं ब्रेकचा. थांबून बघते तर बॅगेचं पोट टायरला टेकलेलं. १७ सेंमी! पूर्ण भरलेली बॅग खड्ड्यागणिक खाली दबत होती आणि प्रत्येक वेळी टायर तिला चाटत होता. तळाचं कापड अंगठ्याच्या नखाएवढं घासून विरलं होतं, आतल्या टी-शर्टावर काळा पट्टा.

बागमांडल्याच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत सगळं सामान बाहेर काढलं. कुलूप आणि चार्जर हँडलबारच्या पिशवीत हलवले, ओले कपडे वरच्या बंजी दोरीत अडकवले, आणि बॅग पुन्हा गुंडाळली. घड्या ५. पोट आणि टायरमध्ये तीन बोटं मावली. विरलेल्या जागेवर ट्यूबचा पॅच चिकटवला, तो गणपतीपुळ्यापर्यंत टिकला. म्हणजे माझ्या सायकलवर १० लिटरची बॅग प्रत्यक्षात ७ च्या आसपासच वापरता येते. लहान फ्रेमवाल्यांनी विकत घेण्याआधी रेल ते टायर मोजा, आणि बॅग भरून, सायकलवर बसून, दुसऱ्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. रिकामी बॅग लावून बघण्यात काही अर्थ नाही.

घरी आल्यावर बॅग धुतली, तर कोकणातली तांबडी माती तीन पाण्यांनंतरही सुटत होती. वेल्क्रोत अडकलेलं गवत आणि धागे जुन्या टूथब्रशने काढले, पकड बरीचशी परत आली. तळाला रेक्झिनवाल्या काकांकडून जाड ताडपत्रीचा तुकडा शिवून घेणार आहे. टाके आतून घालायला सांगितलेत, म्हणजे टायर लागलाच तर दोरा तुटणार नाही. शनिवारी मिळेल. पुढची नोंद ४०० च्या ब्रेव्हेनंतर.